उसना कोड आणि अ‍ॅडमिरल हॉपर

सात वर्षांच्या एका मुलीने घरातले गजराचे घड्याळ खोलले. चाके, स्प्रिंग, काटे सगळे काढून ठेवले आणि परत जोडायला गेली तर जमेना. मुळात ते कसे जोडलेले होते हे पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ खोलले. तेही जमेना, म्हणून तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी झाली होती. आईने मग ठरवून दिले, की यापुढे एकच घड्याळ तुझे, काय खोलायचे ते तेवढेच खोल.

ही मुलगी म्हणजे ग्रेस मरे, लग्नानंतरची ग्रेस हॉपर. अमेरिकेच्या नौदलात ती अ‍ॅडमिरलपदापर्यंत पोहोचली आणि संगणकाच्या इतिहासात तिचे नाव कायमचे कोरले गेले. आरोग्याच्या सदरात संगणकवाल्या बाईंचे चरित्र कशाला, असे कोणाला वाटेल. नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकदा नजर फिरवा. खाटेशेजारचा मॉनिटर, व्हेंटिलेटर, थेंब मोजून औषध सोडणारा पंप, डायलिसिसचे यंत्र, प्रयोगशाळेत रक्त तपासणारे यंत्र, या प्रत्येकात सॉफ्टवेअर चालते. त्यातले बरेचसे त्या यंत्रासाठी नव्याने लिहिलेले नसते. आधी दुसरीकडे वापरलेले तयार तुकडे घेऊन ते जोडलेले असते. तयार तुकडे वापरण्याची ही रीत रुळवण्यात हॉपरबाईंचा वाटा मोठा आहे. ही रीत रुग्णाला कधी तारते आणि कधी त्याच्या जिवावर उठते, हे त्यांच्या आयुष्याच्या ओघात नीट समजते.

वहीतले तुकडे

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ग्रेस यांनी व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी घेतली, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली आणि व्हासारमध्येच त्या प्राध्यापक झाल्या. आयुष्य तसेच गेले असते, तर आज त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. ग्रेस यांचे पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. आपणही नौदलात जायचे असे त्यांनी ठरवले. नौदलाच्या हिशेबाने वय जास्त भरत होते आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी. खास सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क-१ या गणनयंत्रावर रुजू झाल्या.

मार्क-१ म्हणजे सुमारे १५ मीटर लांब आणि पाच टन वजनाचे धूड. सेकंदाला तीन बेरजा, एवढाच त्याचा वेग. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोके पाडून. युद्धाचे दिवस, नौदलाला तोफांचे तक्ते हवेत, दिवसरात्र काम चाललेले. प्रत्येक वेळी सगळे नव्याने लिहायला सवड कोणाला होती? हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक यांनी आपापल्या वह्यांत एकदा नीट चाललेले तुकडे उतरवून ठेवायला सुरुवात केली. कोनाची साइन काढायचा तुकडा ब्लॉक यांच्या वहीत असे. हॉपर यांना ४५ अंशांपेक्षा लहान कोनांसाठी तो हवा असला, की त्या वही मागून घेत आणि तुकडा उतरवून घेत. अशा तुकड्याला सबरूटीन म्हणतात. शेजारणीकडून विरजण आणावे तशी ही उसनवारी होती.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, उसना घेतलेला तुकडा आधी चालवून पाहिलेला होता. दुसरी, तो कोणत्या मर्यादेत चालतो हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होते. पन्नास अंशांच्या कोनाला तोच तुकडा लावला असता तर यंत्राने तक्रार केली नसती. मुकाट्याने चुकीचे उत्तर दिले असते.

हॉपर यांना लवकरच तिसरी गोष्टही कळली. हुशार माणसे नक्कल करताना हमखास चुकतात. त्रिकोणी डेल्टाचे वहीत ४ होतात, इंग्रजी बीचे १३ होतात. आम्हा डॉक्टरांना हा प्रकार परिचयाचा आहे. केसपेपरवर इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी यू घाईने लिहिला, की तो शून्यासारखा दिसतो आणि पुढच्या कागदावर १० चे १०० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहावा असे आता जगभर शिकवले जाते.

यंत्रालाच नक्कल करू द्या

युद्ध संपले. हार्वर्डमध्ये मार्क-२ यंत्र उभे राहिले. १९४७ च्या सप्टेंबरात त्याच्या एका रिलेत पतंग अडकून यंत्र बिघडले. तंत्रज्ञांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ व ठिकाण लिहिले. बिघाडाला किडा म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच होती, पण हॉपर यांनी ही गोष्ट जन्मभर रंगवून सांगितल्यामुळे ती जगप्रसिद्ध झाली. ती नोंदवही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बिघाड कुठे, केव्हा, कशाने झाला हे लिहून ठेवण्याची ती शिस्त होती.

हा काळ त्यांना सोपा नव्हता. घटस्फोट झालेला, युद्धातल्या कामाचा ताण साचलेला, हार्वर्डमधली नोकरी संपलेली. काही वर्षे त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. त्यातून त्या सावरल्या, हे त्यांच्या पुढच्या चार दशकांच्या कामावरून दिसते.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉचली यांच्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा व्यापारी संगणक तयार होत होता. तिथेही तुकडे उतरवून घेण्याचा उद्योग होताच आणि त्यात एक नवी भानगड आली. प्रत्येक तुकडा स्मृतीतल्या शून्य क्रमांकाच्या जागेपासून लिहिलेला असे. तो मोठ्या प्रोग्रॅममध्ये मधेच बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक जागेचा क्रमांक बेरीज करून बदलावा लागे. माणसे नकलेत चुकत होती, आता बेरजेतही चुकू लागली.

हॉपर यांनी विचार केला, की नक्कल आणि बेरीज या दोन्ही गोष्टी ज्याला अचूक जमतात ते यंत्र समोर उभे आहे. मग ते काम माणसाने का करावे? त्यांनी तुकड्यांना क्रमांक देऊन ते चुंबकीय फितीवर साठवले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक आणि लागणारी माहिती लिहायची. यंत्र फितीवरून तुकडे शोधणार, जागांचे क्रमांक दुरुस्त करणार आणि पूर्ण प्रोग्रॅम जोडून देणार. १९५२ पर्यंत ही व्यवस्था उभी राहिली. ती ए-झिरो नावाने ओळखली जाते आणि कंपायलर हा शब्द तिथून रूढ झाला. संगणक फक्त गणिते करतो, प्रोग्रॅम जोडू शकत नाही, असे लोक त्यांना ऐकवत राहिले. यंत्र चालू होते तरी बराच काळ कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

पुढची पायरी होती सूचना इंग्रजी शब्दांत लिहिण्याची. त्यांच्या गटाने फ्लो-मॅटिक ही भाषा केली आणि १९५९ मध्ये जमलेल्या समितीने मुख्यतः तिच्या आधाराने कोबोल ही भाषा आखली. १९६० च्या डिसेंबरात कोबोलमधला एकच प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. कोड एका यंत्राशी बांधलेला राहिला नाही. जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार पुढे कित्येक दशके कोबोलवर चालले.

उगवण तपासून पेरा

१९६६ च्या अखेरीस नौदलाने हॉपर यांना वयोमानामुळे निवृत्त केले आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने जवळपास १९ वर्षे चालले. अडचण अशी होती, की प्रत्येक कंपनी आपले यंत्र कोबोल चालवते असे सांगे, पण प्रत्येकीचे कोबोल थोडे वेगळे असे. एकीकडे बरोबर चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे अडखळे. हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबोलची परीक्षा घेणारे प्रोग्रॅम तयार केले. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता ते त्याच्या यंत्रावर चालवायचे आणि निकाल पाहायचा.

लातूर भागातल्या सोयाबीन उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. मागच्या हंगामाचे घरचे बियाणे वापरायला हरकत नसते. मात्र पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. मागच्या वर्षी याच बियाण्याने भरघोस पीक दिले होते, या आठवणीवर यंदाची पेरणी करायची नसते. मळणीत मार लागला असेल, साठवणुकीत ओल लागली असेल. तपासणी यंदाची हवी.

हॉपर यांच्या कार्यालयात उलटे फिरणारे घड्याळ असे. आजवर असेच चालत आले आहे, हे कारण त्यांना अजिबात खपत नसे. घड्याळाचे काटे उजवीकडूनच फिरले पाहिजेत असा काही नियम नाही, हे त्या भिंतीवरूनच दाखवत. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. एका सेकंदाच्या अब्जांशात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापते, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा सेवेतल्या त्या सर्वांत वयस्क अधिकारी होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला.

जुना कोड, नवे यंत्र

हॉपर अजून गणवेशात होत्या त्याच काळात, त्यांचा काहीही संबंध नसलेल्या एका क्षेत्रात, उसन्या कोडने माणसे मारली. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले कर्करोगावरच्या किरणोपचाराचे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड मात्रा गेली. काहींना नेहमीच्या एका वेळच्या मात्रेच्या शंभरपट. किमान तिघे त्यामुळे दगावले. उपचाराच्या खोलीतून रुग्ण भाजल्याची, विजेचा झटका बसल्याची तक्रार करत होता आणि बाहेरच्या पडद्यावर फक्त एक न कळणारा बिघाड क्रमांक दिसत होता.

या यंत्राच्या सॉफ्टवेअरमधले बरेच भाग त्याच घराण्यातल्या जुन्या यंत्रांमधून आलेले होते. ती यंत्रे वर्षानुवर्षे विनाअपघात चालली होती, म्हणून कोड खात्रीचा मानला गेला. जुन्या थेरॅक-२० मध्ये मात्र सॉफ्टवेअरशिवाय वेगळी संरक्षक विद्युतयोजना होती. काही गडबड झाली की ती किरणांची वाटच अडवत असे. नव्या यंत्रात ती योजना काढून टाकली आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. पुढे उघड झाले, की त्यातली एक जीवघेणी चूक थेरॅक-२० मध्येही होती. तिथे ती घडली की फ्यूज उडे, यंत्र थांबे आणि रुग्ण सुखरूप राहत असे. जुन्या यंत्रांचा निर्धोक इतिहास ज्या कोडच्या खात्यावर जमा झाला होता, तो खरा त्या फ्यूजचा होता.

आपल्या भागाला हे समजायला कॅनडापर्यंत जावे लागत नाही. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी घरे लातूर आणि धाराशिवच्या गावांत पिढ्यानपिढ्या उभी होती. ऊन, पाऊस, वारा सगळे त्यांनी पेलले. त्या घरांमागे एक न बोललेले गृहीतक होते, की इथली जमीन हलत नाही. सरकारी नकाशातही हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ते गृहीतक मोडले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भिंती आदल्या दिवशी होत्या तशाच होत्या. त्यांच्याकडून जे मागितले गेले ते बदलले होते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत याचे स्वच्छ उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. एरियन-५ हे युरोपचे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांभाळणारे सॉफ्टवेअर एरियन-४ मधून उचलले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा जुन्या कोडने राखून ठेवलेल्या जागेत मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. ४५ अंशांचा तुकडा ५० अंशांना लावला, एवढीच ती चूक होती.

लेबल आणि क्रॉस-मॅच

मग सगळे नव्याने लिहावे का? तसे केले तर नव्या चुका होतील, त्याही कोणी न तपासलेल्या. अनेकांनी अनेक वर्षे वापरलेल्या तुकड्यातल्या पुष्कळ चुका सापडून दुरुस्त झालेल्या असतात. प्रश्न उसने घेण्याचा नाही, कसे घ्यावे याचा आहे. त्यासाठी रक्तपेढीचा रिवाज पाहण्यासारखा आहे.

रक्ताच्या पिशवीवर क्रमांक, गट, संकलनाची तारीख आणि मुदत असते. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांची तपासणी झाल्याशिवाय ती पुढे जात नाही. पिशवी अशी सर्व बाजूंनी निर्दोष असली तरी ती थेट लावत नाहीत. ज्याला द्यायची त्या रुग्णाच्या रक्ताशी क्रॉस-मॅच करतात आणि खाटेपाशी नाव व क्रमांक पुन्हा पडताळतात. पिशवी चांगली आहे का हा एक प्रश्न झाला. ती या रुग्णाला चालते का हा दुसरा, आणि तो प्रत्येक रुग्णासाठी नव्याने विचारावा लागतो. थेरॅक आणि एरियनमध्ये दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही.

क्रमांकाचा आणखी एक उपयोग असतो. एका रक्तदात्याच्या रक्तातून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक निघतात आणि वेगवेगळ्या रुग्णांना जातात. नंतर काही दोष कळला, तर क्रमांकावरून प्रत्येक घटक कुठे गेला हे शोधता येते. सॉफ्टवेअरमध्ये असे शोधता न आल्याने काय होते, हे डिसेंबर २०२१ मध्ये दिसले. लॉग-फोर-जे नावाचा एक फुकट मिळणारा तुकडा जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये वापरला जात होता. त्याचे काम फक्त नोंदी ठेवण्याचे. बाहेरच्या माणसाने ठरावीक मजकूर पाठवला, तर त्यातून संगणकाचा ताबा घेता येतो असे उघड झाले. दुरुस्ती थोड्याच दिवसांत आली. खरा खोळंबा दुसऱ्याच प्रश्नाने केला. आपल्या कोणत्या यंत्रात हा तुकडा आहे, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते.

म्हणून आता सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागितली जाऊ लागली आहे. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी, कोणता तुकडा, कोणाचा, कितवी आवृत्ती. नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांसाठी अमेरिकेत ही यादी २०२३ पासून कायद्याने द्यावी लागते. भारतात सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने यंत्र घेताना किंमत आणि हमीकाळाबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. आतल्या सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मिळेल का? त्यातल्या दोषांच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळत राहतील? दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा तपासून कोण देणार? सॉफ्टवेअर चुकलेच, तर रुग्णाला वाचवणारी वेगळी व्यवस्था यंत्रात आहे का? शिवाय व्हेंटिलेटर आणि कार्यालयातला ईमेलचा संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नयेत.

रुग्णांनीही आपल्या पेसमेकरचे किंवा इन्सुलिन पंपाचे कार्ड जपून ठेवावे. त्यावरचा मॉडेल आणि अनुक्रमांक म्हणजे आपल्या पिशवीचा क्रमांक. कंपनीने उपकरण परत मागवले, तर तोच उपयोगी पडतो. उपकरण विचित्र वागले तर डॉक्टरांना कळवावे. अशा तक्रारी नोंदवण्यासाठी मटेरिओव्हिजिलन्स हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आपल्याकडे आहे. मार्क-२ च्या नोंदवहीत पतंग चिकटवणाऱ्यांनी तेच केले होते. बिघाड लपवला नाही, लिहून ठेवला.

ब्लॉक यांच्या वहीतून हॉपर यांच्या वहीत तुकडा जायचा तेव्हा देणारा आणि घेणारा एकाच खोलीत असत. तो कुठवर चालतो हे तोंडी विचारता येई. आज तुकडा लिहिणारा एका खंडात, यंत्र बनवणारा दुसऱ्या खंडात आणि रुग्ण नांदेडच्या वॉर्डात असतो. म्हणून तो कुठवर चालतो हे आता लिहूनच तुकड्याबरोबर आले पाहिजे आणि ते वाचण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.